‘लवकरच येत आहे’ : स्वतंत्र लेखकाची वर्षभराची यादी कशी वाचायची?

पिंपळगाव राजा (जि. बुलढाणा) : अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणीचं भाकीत सांगितलं जातं आणि दुपारपर्यंत ते आपल्या जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडलेलं असतं. पाऊस कसा, कपाशी कशी, भाव कसे. मग खरं ठरलं की खोटं, यावर पारावर वर्षभर वाद.

नवीन वर्ष किंवा पाडवा जवळ आला की फोनवर याच जातीची आणखी एक पोस्ट दिसते. एखादा स्वतंत्र लेखक, म्हणजे ज्याच्या मागे प्रकाशक नाही, स्वतःच लिहितो, स्वतःच ॲपवर टाकतो, तो जाहीर करतो : यंदा दोन मालिका, एक कादंबरी, एक ऑडिओ, शिवाय जुन्या मालिकेचा दुसरा सीझन. खाली हार्टचा पाऊस. ‘वाट बघतोय दादा’, ‘ताई, पहिला भाग कधी?’

घट मांडणाऱ्याचा पावसावर ताबा नसतो. लेखकाचा आपल्या लिखाणावर थोडाफार असतो. पण तो नेमका किती, आणि ॲपच्या, कराराच्या, फाइलच्या हातात किती, हे त्या पोस्टमध्ये कुठंच लिहिलेलं नसतं. ते कसं ओळखायचं, हे आज बघू. तुम्ही फक्त वाचक असाल तर कॉइन खर्च करण्याआधी उपयोगी पडेल. फोनवर स्वतः काही लिहीत असाल तर जास्तच.

एक कल्पित उदाहरण घेऊ म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. समजा, पिंपळगाव राजाची एक मुलगी आहे. खामगावला कॉलेज करते, संध्याकाळी फोनवर लिहिते. तिची पोस्ट अशी : ‘एक, ज्ञानगंगेच्या जंगलातली रहस्यमालिका, ४० भाग, रोज एक. दोन, प्रेमकथेची मालिका, ३० भाग, गणपतीपासून. तीन, पहिल्या मालिकेचं छापील पुस्तक आणि ई-बुक दिवाळीला. चार, तिचंच ऑडिओ, वर्षाच्या शेवटी.’ विषय चांगला निवडलाय. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला वाघ शेकडो गावं ओलांडून ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता, तेव्हापासून त्या जंगलाला गोष्ट चिकटलेलीच आहे. आता तिची यादी एकेक ओळ करून सोलू.

रोज एक भाग : आधी बेरीज-वजाबाकी

पहिली मालिका, ४० भाग, प्रत्येक भाग १२०० शब्दांचा. झाले ४८ हजार शब्द. कॉलेज, येणं-जाणं, घरचं काम सांभाळून ती एका संध्याकाळी ५०० शब्द लिहिते, आठवड्यातल्या पाच संध्याकाळी. हा वेग वाईट नाही. पण आठवड्याला २५०० शब्द म्हणजे पहिली मालिका पुरी व्हायला १९ आठवडे लागतात. आणि ‘रोज एक भाग’ म्हटल्यावर मालिका संपते ४० दिवसांत.

त्या ४० दिवसांत ती फार तर १४ हजार शब्द लिहू शकेल. उरलेले ३४ हजार, म्हणजे ४० पैकी २८-२९ भाग, पहिला भाग टाकण्याच्या आदल्या दिवशी तयार हवेत. पोस्ट टाकताना तिच्याकडे चारच भाग तयार असतील तर पाचव्या-सहाव्या दिवशी गाडी अडकणार. मग ‘आज नेट नव्हतं’, ‘तब्येत बरी नाही’, ‘परीक्षा आहे’ असे संदेश सुरू. वाचकाला वाटतं लेखिका आळशी आहे. लेखिका आळशी नाही, तिचं गणित चुकलंय.

तेच तिनं ‘आठवड्याला दोन भाग’ म्हटलं असतं तर? आठवड्याला २४०० शब्द, लिहिण्याचा वेग २५००. बसतं, पण काठावर. एक लग्न आलं की घसरलं.

मग लोक रोजचं वचन का देतात? कारण रोजच्या भागाची गरज ॲपला असते. तुम्ही रोज ॲप उघडावं, नोटिफिकेशनवर बोट ठेवावं, यावर त्याचा धंदा उभा आहे. जो रोज टाकतो त्याची मालिका वर दिसते, म्हणून लेखक स्वतःच्या वेगाऐवजी ॲपच्या वेगानं वचन देऊन बसतो. माझ्या मते निम्म्या अर्धवट मालिकांचं मूळ इथंच आहे.

भागाभागानं लिहिणं ॲपनं शोधलेलं नाही. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातच क्रमशः छापली. तिथं एक बारीक मुद्दा आहे. साप्ताहिक त्यांचं स्वतःचं होतं. भाग कधी जाणार, किती मोठा, हे ठरवणारा आणि लिहिणारा माणूस एकच. आजच्या भाषेत, प्लॅटफॉर्म लेखकाच्या मालकीचा. ही चैन आज ॲपवर लिहिणाऱ्या कुणालाच नाही.

वेगाचं म्हणाल तर मराठीत त्याचीही परंपरा आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. ‘कॅप्टन दीप’वाले गुरुनाथ नाईक यांच्या नावावरही हजारावर आहेत. एसटी स्टँडवरच्या स्टॉलला नवा माल लागायचा आणि तो पुरवला जायचा. म्हणून आज कुणी वर्षाला सहा मालिका जाहीर केल्या तर लगेच ‘हा एआयकडून लिहून घेतो’ म्हणू नका. शंका मात्र रास्त आहे. ॲमेझॉनच्या केडीपी या स्वप्रकाशन सेवेनं सप्टेंबर २०२३ मध्ये एका खात्यावरून दिवसाला जास्तीत जास्त तीन नवी पुस्तकं अशी मर्यादा घातली आणि मजकूर एआयनं तयार केलाय का, हे कंपनीला सांगणं लेखकाला बंधनकारक केलं. दिवसाला तीन! ही मर्यादा घालावी लागली, यावरून काय चाललं होतं याचा अंदाज येतो.

जो आधी लिहून बसला होता

जगात यादी जाहीर करण्यात सगळ्यात वाकबगार माणूस म्हणजे अमेरिकेचा ब्रँडन सँडरसन. दर डिसेंबरला तो वर्षभराचा ताळेबंद मांडतो : कोणतं पुस्तक कुठवर आलं, पुढं काय, काय लांबलं. त्याच्या साइटवर चालू पुस्तकांच्या टक्केवारीच्या पट्ट्या दिसतात, आपण फाइल डाउनलोड करताना बघतो तशा.

१ मार्च २०२२ ला त्यानं किकस्टार्टरवर चार कादंबऱ्या जाहीर केल्या. मागितले होते १० लाख डॉलर. महिनाभरात जमले ४ कोटी १७ लाख डॉलर, पैसे देणारे १ लाख ८५ हजारांहून जास्त लोक. बातम्या आल्या त्या या आकड्यांच्या. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाक्य त्याच्या व्हिडिओत होतं. पुस्तकं तो लिहिणार नव्हता. कोरोनाच्या काळात प्रवास बंद पडला तेव्हा गुपचूप लिहून मोकळा झाला होता. उरलं होतं संपादन, चित्रं, छपाई आणि पोचवणं. चारही पुस्तकं २०२३ मध्ये वाचकांना मिळाली.

आता उलट टोक. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ज्या कादंबऱ्यांवर बेतलेली, त्या मालिकेचा पाचवा भाग २०११ ला आला. सहाव्याचं नाव जगाला पाठ आहे, पुस्तक नाही. जॉर्ज मार्टिन लहान लेखक आहे का? मुळीच नाही. पण वचन दिलं तेव्हा पुस्तक लिहून झालेलं नव्हतं, एवढी साधी गोष्ट.

सँडरसनचा पैसा आणि माणसं आपल्या मुलीकडे नाहीत, त्यामुळे तुलना ताणू नये. त्याची सवय मात्र फुकट घेता येते : जाहीर करायचं ते लिहून झालेलं. वाचक म्हणूनही पोस्टमध्ये क्रियापद बघा. ‘लिहून पूर्ण आहे, तपासतेय’ आणि ‘लिहायला घेतेय’ यांत वर्षाचं अंतर असू शकतं.

मुंबईचं उदाहरण : मालिका मोठी झाली, प्रकाशक बंद पडला

आपल्याकडचं सगळ्यात ठळक उदाहरण अमीश त्रिपाठी. मुंबईत वित्त क्षेत्रात नोकरी, लेखन इंग्रजीत. ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ प्रकाशकांनी नाकारलं, म्हणून फेब्रुवारी २०१० मध्ये एजंटच्या साथीनं त्यांनी ते स्वतःच्या हिमतीवर काढलं. पहिलं प्रकरण वेगळं छापून दुकानांत फुकट ठेवलं. यूट्यूबवर पुस्तकाचा ट्रेलर टाकला, तेव्हा ही कल्पना आपल्याकडे नवी होती. आज ॲपवर ‘पहिले काही भाग मोफत’ असतात, ती हीच युक्ती.

पुढं वेस्टलँडनं त्यांची पुस्तकं घेतली. शिवाची त्रयी २०१३ मध्ये पुरी झाली, तीन वर्षांत तीन पुस्तकं. मग रामावरची मालिका. तिच्या तारखा बघा : पहिला भाग जून २०१५, दुसरा मे २०१७, तिसरा जुलै २०१९, चौथा ऑक्टोबर २०२२. म्हणजे दोन भागांमधलं अंतर आधी २३ महिने, मग २६, मग ३९. मधे २०२० मध्ये सुहेलदेववरची कादंबरी आली, तीही लेखकांची टीम बसवून. मोठी मालिका जसजशी पुढं जाते तसतसा पुढचा भाग जड होत जातो, कारण मागच्या प्रत्येक भागात सोडलेले धागे बांधायचे असतात. जाहीर करताना हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

पण मला सांगायची ती गोष्ट वेगळी. वेस्टलँड ही टाटांच्या ट्रेंट कंपनीकडून ॲमेझॉननं विकत घेतली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये ॲमेझॉननं ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. चौथा भाग अजून यायचा होता. अमीशसारख्या नावाला दुसरा प्रकाशक मिळायला वेळ लागला नाही, ‘वॉर ऑफ लंका’ हार्परकॉलिन्सकडून आलं. ज्यांची नावं मोठी नव्हती त्यांच्या पुस्तकांचं काय, हा प्रश्न तेव्हा अनेक लेखक विचारत होते. एप्रिलमध्ये एक वळण आलं. बेंगळुरूच्या प्रतिलिपीनं वेस्टलँडच्या टीमला हाताशी धरलं आणि त्या नावानं प्रकाशन परत सुरू झालं.

२०१४ साली सुरू झालेलं, मराठीसह बारा भारतीय भाषांत चालणारं हे ॲप तुमच्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये असेल. २०२१ मध्ये क्राफ्टन, म्हणजे पब्जीवाली कोरियन कंपनी, तिनं प्रतिलिपीत पैसे घातले होते. गेम बनवणारी कंपनी गोष्टींच्या ॲपमध्ये पैसे का घालेल? कारण चाललेली गोष्ट ही कच्चा माल आहे. तिच्यातून कॉमिक होतं, ऑडिओ होतो, वेब सिरीज होते, उभ्या पडद्यावर बघायच्या दीड-दोन मिनिटांच्या मालिका होतात, उद्या गेमही होईल. गुंतवणूकदाराचा डोळा गोष्टीच्या पुढच्या रूपांवर असतो. म्हणून आपल्या मुलीच्या यादीतली चौथी ओळ, ऑडिओची, दिसायला शेवटची असली तरी किमतीला पहिली असू शकते.

दुकान बंद होतं तेव्हा

ॲमेझॉननंच जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत ‘किंडल व्हेला’ सुरू केलं होतं. भागाभागानं कथा, टोकन देऊन पुढचा भाग उघडायचा, अगदी आपल्या ॲपांसारखं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते बंद झालं. जगातल्या सगळ्यात मोठ्या पुस्तक-दुकानदाराला चार वर्षांत ते गुंडाळावं लागलं. आपल्याकडेही न्यूजहंटवर (आताचं डेलीहंट) एकेकाळी मराठी ई-बुकं अगदी थोडक्या पैशांत, फोनच्या बॅलन्समधून घेता यायची. पुढं ते दुकान उठलं.

लेखकाची यादी वर्षाची, मालिका दोन-तीन वर्षांची, आणि ॲपचं आयुष्य कुणाच्याच हातात नाही. मग सुरक्षित काय? लेखकाजवळची मूळ फाइल आणि वाचकांची यादी.

फाइलबद्दल एक खास मराठी अडचण. थेट ॲपमध्ये टाइप करून ‘पब्लिश’ दाबणारे खूप. त्यांच्याकडे स्वतःची प्रतच नसते. खातं लॉक झालं की दोन वर्षांचं लेखन गेलं. दुसरे, जे छपाईकडे जातात, त्यांचं पुस्तक डीटीपीवाला जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेव पद्धतीच्या फॉन्टमध्ये लावतो. कागदावर ते देखणं दिसतं. पण त्या फाइलमधला ‘क’ हा कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ‘क’ नसतो, इंग्रजी की-बोर्डवरचं भलतंच अक्षर असतं. त्याचं ई-बुक करायला गेलं की अक्षरांचा काला होतो. छापील पुस्तकात केलेल्या शेवटच्या दुरुस्त्या मग फक्त कागदावर राहतात. उपाय सोपा : शेवटची प्रत युनिकोडमध्ये स्वतःजवळ, फोनच्या बाहेर दुसरीकडेही. आणि ई-बुक काढण्याआधी ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘ॲप’ हे तीन शब्द स्वस्त फोनवर उघडून बघा. फॉन्ट फाटतो तो इथंच.

वाचकांच्या यादीचं तसंच. ‘माझे अमुक हजार फॉलोअर आहेत’ म्हणजे ॲपकडे आहेत. व्हॉट्सॲप चॅनेल सप्टेंबर २०२३ पासून भारतात आहे, लेखकांना ते आवडतं, पण चॅनेल चालवणाऱ्याला फॉलोअरचे नंबर दिसत नाहीत. चॅनेल गेलं की माणसं गेली. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका वेळी २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. ईमेल आपल्याकडे कुणी वाचत नाही, अशी तक्रार असते. खरी आहे. पण स्वतःच्या इच्छेनं पत्ता दिलेले दोनशे वाचक एका दुकानातून दुसऱ्या दुकानात लेखकाबरोबर येतात, वीस हजार फॉलोअर येत नाहीत. मराठीत नेटचा जमाना नवा होता तेव्हा सुनील डोईफोडे यांनी आपल्या रहस्यकादंबऱ्या भागाभागानं स्वतःच्या साइटवर ठेवल्या होत्या, तो रस्ता आज जुना वाटतो. तरी जागा त्यांची होती.

पहिल्या ओळीतला करार चौथी ओळ खातो

आता सगळ्यात किचकट भाग, पण तो नीट वाचा.

मुलीला पहिली मालिका ॲपवर टाकायचीय आणि दिवाळीला तिचंच ई-बुक काढायचंय. किंडलवर २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकं आहेत, केडीपीवर खातं उघडून तिला ती स्वतः टाकता येतील. तिथं ७० टक्के रॉयल्टीचा पर्याय दिसतो आणि डोळे चमकतात. भारतातल्या विक्रीवर तो ७० टक्के मिळवायचा तर पुस्तक ‘केडीपी सिलेक्ट’ मध्ये घालावं लागतं, नाहीतर ३५ टक्के. सिलेक्टची अट अशी की ९० दिवस ते पुस्तक डिजिटल रूपात दुसरीकडे कुठंही असता कामा नये. ना दुसऱ्या ॲपवर, ना स्वतःच्या साइटवर, फुकटसुद्धा नाही. दहा टक्क्यांपर्यंतचा नमुना तेवढा चालतो. आणि ९० दिवस संपले की आपोआप पुढचे ९० सुरू होतात, टिक काढली नाही तर. छापील पुस्तकाला ही अट नाही.

म्हणजे ॲपवर ४० भाग तसेच ठेवून ई-बुक सिलेक्टमध्ये घातलं की नियम मोडला. भाग काढून घ्यावेत तर ॲपवरचे वाचक चिडणार, आणि ॲपशी ‘आमच्याकडेच राहील’ असा करार असेल तर काढताच येणार नाहीत. दोन्ही कंपन्या आपापल्या जागी बरोबर. कात्रीत लेखिका.

प्री-ऑर्डरही जपून. केडीपीवर वर्षभर आधी पुस्तक जाहीर करून आगाऊ नोंदणी घेता येते. पण नोंदणी रद्द केली किंवा दिलेल्या सवलतीपेक्षा जास्त लांबवली तर वर्षभर परत प्री-ऑर्डर लावता येत नाही. वाचक माफ करतो, सिस्टिम करत नाही.

ऑडिओचा हिशोब : ४८ हजार शब्द, मिनिटाला १२० शब्दांच्या शांत वेगानं वाचले तर ४०० मिनिटं, म्हणजे पावणेसात तासांच्या आसपास तयार आवाज. रेकॉर्डिंगला लागणारा वेळ याच्या कितीतरी पट. ते स्वतः करणं अवघड म्हणून ऑडिओ ॲपकडे जायचं. तिथं पहिला प्रश्न येतो : ‘हक्क तुमच्याकडे आहेत ना?’ आणि पहिल्या मालिकेच्या वेळी ‘आय ॲग्री’ दाबताना सर्व माध्यमांचे, सर्व भाषांचे हक्क देऊन टाकले असतील तर उत्तर ‘नाही’ असतं.

कायदा लेखकाच्या बाजूनं बराच आहे. प्रताधिकार कायदा १९५७, कलम १९ : हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी आणि सहीनिशी. किती वर्षांसाठी हे लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरायची. कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारत. घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर ते परत येतात, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. हे ‘तरच’ मोठं आहे. कंपनीचा वकील हे कलम तुमच्याआधी वाचतो आणि करारात मुदत, प्रदेश, सगळं आधीच भरून ठेवतो. म्हणून करार हाती आला की तीन जागा शोधायच्या : किती वर्षं, कोणती माध्यमं, आणि न वापरल्यास काय. भारतात लेखकाचा हक्क त्याच्या हयातीनंतरही ६० वर्षं टिकतो. विशीतल्या मुलीनं ‘कायमचे’ या शब्दावर बोट ठेवणं म्हणजे काय, याचा विचार करा.

ह्यू हाउवी या अमेरिकी लेखकानं २०११ च्या जुलैत ‘वूल’ ही एकच छोटी कथा किंडलवर टाकली. वाचकांनी मागणी केली म्हणून पुढचे भाग लिहिले. मोठा प्रकाशक दारात आला तेव्हा त्यानं फक्त छापील पुस्तकाचे हक्क दिले, ई-बुक स्वतःकडे ठेवलं. पुढं त्यावर ‘सायलो’ ही मालिका आली. हक्क तुकड्या-तुकड्यानं देता येतात, हे दाखवायला एवढं पुरे. भाव करायची ताकद प्रत्येकाकडे नसते, मान्य. पण न विचारता सगळं देऊन टाकणारे जास्त आहेत.

छापील पुस्तकाचं थोडक्यात. आयएसबीएन नंबर भारतात सरकारकडून मोफत मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीच्या पोर्टलवर अर्ज करून. त्यासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर हात जोडून निघा. किंडलच्या ई-बुकला तो लागतही नाही. ४८ हजार शब्दांचं पुस्तक साधारण १६० ते १९० पानांचं होईल. छापायच्या प्रती ठरवताना हार्ट मोजू नका, पैसे भरून नाव नोंदवलेले मोजा. प्रकाशकाचा रस्ताही बंद झालेला नाही. याच जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ती कादंबरी पुण्याच्या प्रकाशकानं काढली होती. तो रस्ता लांबचा असतो, पण संपादक मिळतो. स्वतंत्र लेखकाच्या यादीत सगळं असतं, संपादनाची ओळ बहुतेक नसते.

वाचकानं कॉइन कधी टाकायचा

तुम्ही शंभर रुपयांचे कॉइन घेता तेव्हा ॲप स्टोअरचा वाटा आधी निघतो, साधारण १५ ते ३० टक्के. मग ॲपचा. उरलेल्यात लेखक. त्यामुळे ‘मी तर लेखकाला पैसे दिले’ हे अर्धंच खरं. आवडत्या लेखकानं स्वतःचं पुस्तक थेट विकायला ठेवलं असेल तर तिथून घेतल्यानं त्याला जास्त मिळण्याची शक्यता असते.

अर्धवट मालिकेवर पैसे टाकू नका, असं मी सरसकट म्हणणार नाही. सगळ्यांनी तसं केलं तर नव्या लेखकाची मालिका कधी पुरीच होणार नाही. पण त्याची आधीची मालिका उघडा. ती पुरी झाली होती का? शेवटच्या चार भागांच्या तारखा किती अंतरानं आहेत? लांबलं तेव्हा त्यानं सांगितलं होतं का? दोन मिनिटांचं काम आहे. ज्याची आधीच्या तीनपैकी एकही मालिका संपलेली नाही, त्याच्या चौथीसाठी आगाऊ पैसे भरायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

आणि पिंपळगाव राजाच्या त्या मुलीनं हे सगळं ऐकून आपली पोस्ट परत लिहिली तर ती साधारण अशी होईल :

‘ज्ञानगंगेची मालिका, ४० भाग. २६ लिहून झालेत. ३२ झाले की सुरू करते, मग आठवड्याला तीन. करार फक्त ॲपवर वाचण्यापुरता केलाय, दोन वर्षांचा. पुस्तकाची नावनोंदणी दिवाळीनंतर, आधी ताई तपासून देणार आहे. ऑडिओचं बोलणं चालू आहे, ठरलं की सांगेन. प्रेमकथेचे तीनच भाग झालेत, तिचं एवढ्यात विचारू नका.’

या पोस्टला हार्ट कमी पडतील.